टेक महिंद्राचे तिमाही निकाल जवळ आलेत. कंपनी खरंच सावरतेय का, आणि निकालाआधी शेअर घ्यावा का?

सावरतेय, पण निकालाच्या तोंडावर घाईने शेअर घेण्यात मला अर्थ दिसत नाही. हे मी कंपनीच्या तिमाही फॅक्टशीटवरून सांगतोय. मोहित जोशी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सूत्रं घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये आर्थिक वर्ष २०२७ साठी १५% एबिट मार्जिनचं (व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा महसुलाच्या किती टक्के, त्याचं) लक्ष्य जाहीर केलं. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये हे मार्जिन ६.१% होतं, पुढच्या वर्षी ९.७% झालं. मात्र त्या वर्षी डॉलरमधला महसूल जवळपास जागच्या जागीच राहिला. म्हणजे सुधारणा आली ती मुख्यतः खर्चाला लावलेल्या कात्रीतून: उपकंत्राटदार कमी केले, 'फोर्टियस' नावाचा बचतीचा कार्यक्रम राबवला. पण अशी कात्री किती दिवस चालणार? त्यामुळे निकालात निव्वळ नफ्याच्या मथळ्यावर जाऊ नका, त्यात इतर उत्पन्न आणि चलनातल्या चढउताराची भेसळ असते. त्याऐवजी हे बघा:

- कॉन्स्टंट करन्सीमधली, म्हणजे चलनाच्या दरातले बदल वगळून मोजलेली महसूलवाढ
- एबिट मार्जिन
- नव्या करारांचं एकूण मूल्य, आणि त्यातलं दूरसंचाराबाहेरचं किती

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण महसुलाचा साधारण एक तृतीयांश भाग दूरसंचार ग्राहकांकडून येतो आणि त्यांनी हात आखडला की मार्जिनची सगळी मेहनत झाकोळते. अर्थात, शेअर आधीपासून तुमच्याकडे असेल आणि दोन-तीन वर्षं थांबायची तयारी असेल, तर एका तिमाहीच्या आकड्यावरून विकायचीही गरज नाही.