नोकरी सोडून एकट्याने व्हिडिओ गेम बनवायला लागावं का?

तुमचं वय 29, पुण्यात आयटीत नोकरी, गाठीला चार लाख, एक गेम अर्धवट तयार आणि मॅनेजर डोक्यात जातोय. राजीनामा देऊन सोलापूरला घरी यावं का, घरच्यांना काय सांगावं आणि इंजिन, म्हणजे गेम ज्यात बनवतात ते सॉफ्टवेअर, कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी हाच उद्योग सोलापुरात बसून करतोय, म्हणून लिहितो.

माझे बाबा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. 2022 मध्ये राजीनामा देऊन हुतात्मा एक्सप्रेसने घरी आलो, तेव्हा ते चिडले वगैरे नाहीत. जेवताना एवढंच विचारलं, "ऑर्डर कुणाची हाय?" म्हटलं, बाबा, यात ऑर्डर नसते, आधी गेम बनवायचा, मग लोक घेतात. उधारीवर सूत उचलून, गिऱ्हाईक न बघता पाचशे डझन माल काढणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शेंगाचटणीचा डबा पुढे सरकवला.

गेम मागाचाच होता. ताण्यातले उभे धागे ओढून चादरीची नक्षी जुळवायची, चुकीचा धागा ओढला की ओळ विस्कटते. दीड वर्ष लागलं. विकल्या गेल्या 212 प्रती.

आता हिशेब बघा, कारण हा कुणी नीट सांगत नाही. किंमत 5 डॉलर. पण भारतात ती कमी ठेवावी लागते, त्यात सेलमधली सवलत, परत केलेल्या प्रती आणि देशोदेशीचे कर. हे सगळं जाऊन उरले 640 डॉलरच्या आसपास. त्यातले 30 टक्के स्टीमचे, म्हणजे ज्या ऑनलाइन दुकानात गेम विकला त्याचे. अमेरिकेत खपलेल्या प्रतींवर तिथला कर कापला जातो. स्टीमच्या कराच्या फॉर्ममध्ये पॅन देऊन भारत-अमेरिका कर-कराराचा फायदा घेतला तर 15 टक्के, नाहीतर 30. माझ्या हातात सगळे मिळून पस्तीस हजार रुपये आले, म्हणजे जुन्या एका महिन्याच्या पगाराच्या निम्मे, दीड वर्षाच्या कामाचे! गेम टाकताना भरलेले 100 डॉलर 1000 डॉलरची विक्री झाल्यावर परत मिळतात. मला अर्थातच मिळाले नाहीत. आणि चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. माझा गेम दीड तासात संपायचा. काही लोकांनी तो पूर्ण खेळून, वर चांगला अभिप्राय लिहून परत केला.

गेम वाईट नव्हता हो. तो येतोय हे कुणाला माहीतच नव्हतं. नियमाप्रमाणे स्टीमवर गेमचं पान विक्रीच्या निदान दोन आठवडे आधी लावावं लागतं. मी बरोबर दोन आठवडेच आधी लावलं. ते वर्षभर आधीही लावता येतं. ज्यांना आवडतं ते विशलिस्ट करतात, म्हणजे आपल्या 'घ्यायचंय'च्या यादीत टाकतात, आणि गेम आला की, किंवा 20 टक्के वा जास्त सवलत लागली की, स्टीम त्यांना ईमेल पाठवतं. बाबा विचारत होते ती ऑर्डरवही हीच. विशलिस्ट केलेला प्रत्येक जण घेतोच असं नाही, पण वही कोरी असेल तर माल कुठे जाणार हे कळायला दीड वर्ष घालवायची गरज नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: आज राजीनामा देऊ नका. अर्ध्या गेममधला सगळ्यात देखणा भाग निवडा, तेवढाच घासूनपुसून पान लावा, डेमो द्या आणि नोकरीत राहून चार-सहा महिने विशलिस्टचा आकडा बघा. हलला नाही तर गेम बदला, नोकरी नको. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गाजलेला गेम एकट्या एरिक बॅरोननं केला, 2016 मध्ये आला, हे उदाहरण तुम्हीही देणार. पण त्याला साडेचार वर्षं लागली आणि त्या काळात तो थिएटरमध्ये अर्धवेळ प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता, जोडीदारीणही कमावत होती. हा भाग कुणी सांगत नाही.

डेमो दाखवायला मात्र मित्र नको, ते कौतुकच करतात. मी पहिला गेम नऊ वर्षांच्या भाचीच्या हातात दिला आणि हात मागे बांधून उभा राहिलो. तिनं "सुरू करा"चं बटण पाहिलंच नाही, थेट चादरीच्या चित्रावर बोट ठेवून धागा ओढायला लागली. दोन मिनिटं काही होईना. मग म्हणाली, "मामा, हे बंद पडलंय." दुसऱ्या गेममध्ये बटणच काढून टाकलं, धागा ओढला की खेळ सुरू.

घरच्यांचं म्हणाल तर सोलापुरात खर्च कमी हे खरं. जेवण घरचं, भाडं नाही, चार लाख इथे पुण्याच्या दुप्पट पुरतील. पण वेळ पुरणार नाही. पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की हाक तुम्हालाच. टाकी भरा, गॅसवाला आलाय, आत्याला स्टँडवर सोड. "घरीच असतोस की." मी शेवटी जुळे सोलापूर भागात मित्राच्या दुकानावरची खोली घेतली, डबा घेऊन सकाळी नऊला बाहेर पडतो. तेव्हापासून शेजारीही विचारतात, नवीन नोकरी कुठे लागली?

"गेमचं काम करतो" असं मात्र कुठे सांगू नका. परदेशातून पैसे आले तेव्हा बँकेतल्या साहेबांनी आवाज खाली करून विचारलं, "रमी का?" एका स्थळाकडूनही हाच प्रश्न आला. सॉफ्टवेअर म्हणा, खोटं नाही ते.

आणि आरोग्य विमा स्वतःचा, आई-वडिलांचा आधी काढा, मग राजीनामा. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर जातं. मी हे पुढे ढकललं; तीन महिन्यांनी बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि माझी निम्मी शिल्लक एका आठवड्यात गेली. सध्या मी अर्धा दिवस बाहेरची कोडिंगची कामं घेतो ती त्यामुळेच.

इंजिनचं राहिलंच. मी युनिटी हे इंजिन वापरायचो. 2023 च्या सप्टेंबरात युनिटीनं गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा मी तावातावानं गोडो या दुसऱ्या इंजिनवर गेलो. गोडो फुकट आहे, चांगलंही आहे. युनिटीनं वर्षभरानं ते मागे घेतलं. तुमचा हात ज्यात बसलाय त्यातच करा. माझे चार महिने जुनं काम नव्यात आणण्यात गेले आणि तेवढ्या काळात गेममध्ये एक लेव्हलही वाढली नाही.