रूपक की तेवरा

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं शब्दकोडं परवा मिळालं. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर गाण्याचं कोडं छापायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. मंडळी अर्धा तास आधी येऊन बसतात, आत तंबोरे जुळत असतात, तेव्हा हातात काहीतरी हवंच असतं. पण तू काढलेली अकरा बाय अकराची चौकट तेवढ्या वेळात सुटायची नाही. पाच बाय पाच कर. सहा शब्द पुरेत.

मोठ्या चौकटीत तुझी ओढाताण का झाली ते सांगतो. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आलं, तेव्हा त्यांना २६ अक्षरांत भागवायचं होतं. आपल्या एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळं मिळून बसतं. ‘ख्याल’ची घरं दोनच, ‘नाट्यगीत’ची चार. त्यामुळे तबल्यातला ‘ब’ आणि बासरीतला ‘बा’ दिसायला भाऊ, पण एका घरात राहत नाहीत. जुळणारी अक्षरं कमी, म्हणून मराठी कोड्यात काळी घरं जास्त पडतात. त्यात तू चौकट उलटी धरली तरी तशीच दिसावी असा हट्ट धरलास. त्या नक्षीपायी ‘रवस’ आणि ‘मेढा’ आत आले. त्यांचा गाण्याशी काय संबंध? नक्षी सोड, शब्द सांभाळ.

काल रात्री बसून मी एक चौकट मांडली. काळं घर म्हणजे ■.

के श व रा व
स ■ ■ ग ■
र सि क ■ ■
बा ■ ज ल द
ई ■ री ■ ■

आडवे शब्द केशवराव, रसिक, जलद. उभे केसरबाई, राग, कजरी. सुरुवात कोपऱ्यातल्या ‘के’पासून केली. संगीतसूर्य केशवराव भोसले आपल्या कोल्हापूरचे, आणि केसरबाई केरकर ज्यांच्याकडे शिकल्या ते अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. केशवराव आणि केसरबाई, दोघांच्याही नावात पाच अक्षरं आणि पहिलं एकच, हे लक्षात आलं तेव्हा मी उठून दोन फेऱ्या मारल्या. असा कोपरा सापडला की बाकीचे शब्द आपोआप त्याच्या आधाराने येतात. सापडेपर्यंत मात्र खोडरबर झिजवायचा. आणखी एक सांगून ठेवतो. नुसतं ‘ई’ हे अक्षर दुर्मीळ, पण ‘सनई’ आपल्याकडे आहे. मोगूबाई, हिराबाई, केसरबाई, कोणाचंही नाव तिच्या शेवटच्या घरात येऊन मिळतं.

आता छेद कुठे द्यायचा ते बघ. तू ‘ललत’चं मधलं घर दुसऱ्या शब्दाला दिलंस. निम्मी माणसं त्या रागाला ‘ललित’ म्हणतात. त्यांनी ‘लि’ भरलं की उभा शब्द बिघडला, आणि चूक त्यांची नाही. पहिल्या किंवा शेवटच्या अक्षरावर छेद दे, तिथे दोन्ही नावं एकमताची आहेत. ‘रूपक’ तालाचा ‘रू’ लोक ऱ्हस्व लिहितात, तेव्हा तिथे ‘क’वर छेद दे. ‘मालकंस’ आणि ‘मालकौंस’ची तीच गत. ‘सतार’ लिहिणारा आणि ‘सितार’ लिहिणारा दोघंही त्या दिवशी सभागृहात असणार.

तुझी शोधसूत्रं वाचून मात्र मी थोडा खट्टू झालो. ‘एक राग’ असं तू चार ठिकाणी लिहिलंस. तीन अक्षरी राग म्हटलं तर यमन, केदार, हमीर, मारवा, खमाज, सोडवणाऱ्याने कुठला घ्यायचा? मीही हे केलेलं आहे. माझ्या पहिल्या कोड्यात ‘सात मात्रांचा ताल (३)’ असं लिहून मी रूपक धरून बसलो होतो. भजनाला पखवाज वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी ‘तेवरा’ भरलं. मी ते चूक ठरवलं. ते काही बोलले नाहीत, बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या आणि उठून गेले. तेवराही सात मात्रांचाच, अक्षरंही तीनच. त्यांचं उत्तर बरोबर होतं, माझा प्रश्न अपुरा होता. त्यांची माफी मागायचं राहून गेलं, ते अजून टोचतं.

आज मी तेच असं लिहीन: ‘मराठीच्या तासाला अलंकार, तबल्याच्या तासाला ती ती ना धी ना धी ना (३)’. ठेका ओठांवर आला की उत्तर हाती येतं, आणि ज्याला तबला कळत नाही त्याला व्याकरणाची वाट मोकळी आहे. गाण्याचं कोडं असंच असावं असं मला वाटतं: माणसाने पेन्सिल थांबवून मनात काहीतरी गुणगुणलं पाहिजे. नुसती सनावळी विचारशील तर ती परीक्षेची प्रश्नपत्रिका होईल.

आपल्या भाषेत दोन घरांत पाय ठेवणारे शब्द भरपूर आहेत. ‘पंचगंगेत मारतात, मैफलीत लावतात (२)’ म्हणजे सूर. घाटावरून उड्या टाकणारी पोरंसुद्धा हे सोडवतील. ‘मास्तरांना येतो, गवयाला आळवावा लागतो (२)’ म्हणजे राग. ‘राजा म्हणा की राग (२)’, भूप. ‘वरचीही उलट, तालातल्या टाळीचीही उलट (२)’, खाली. माझ्या चौकटीतल्या ‘जलद’ला मी ‘पाणी देणारा ढग, लयही अशी असते’ असं सूत्र दिलंय आणि शेजारी पावसात गायची कजरी आलीय, ते आपसूक झालं. केसरबाईंसाठी ‘१९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ज्यांचा आवाज अंतराळात गेला (५)’. हे ज्याला माहीत नसेल त्याला कोड्यातून कळेल. त्यासाठी आडव्या शब्दांतून ‘के’ आणि ‘र’ आधी हाती लागतील अशी सोय ठेवलीय. अनोळखी नावाला सोपे छेद द्यायचे, हे कधी विसरू नकोस.

लहान मुलांसाठी कोपऱ्यात एक चिमुकली चौकट टाक, फक्त सात स्वरांच्या अक्षरांची. साप, साग, मध, मग, सारे, निगम, सगळे सा रे ग म प ध नि मधूनच निघतात. पोरं आधी अर्थ शोधतील, मग कोणीतरी ‘साप’ गाऊन बघेल, षड्जावरून थेट पंचमावर.

छापायला देण्याआधी कोडं तुझ्या सरांना दाखवू नकोस, ते सगळं ओळखतील. रेडिओवर फक्त भावगीतं ऐकणाऱ्या तुझ्या आत्याला दे. जवळ बस, पण सांगू नकोस. तिची पेन्सिल ज्या घरापाशी थांबेल, त्या घराचा आकडा लिहून मला कळव.

तुझा,
काका