वाचकांचे प्रश्न: कमरेला पिस्तूल आहे, म्हणून धावून जायलाच हवं का?

प्रश्न: माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल असतं. डोळ्यांदेखत एखाद्या अनोळखी माणसावर हल्ला झाला आणि मी मध्ये पडलो नाही, तर कायद्याने मी दोषी ठरतो का?

उत्तर: पिस्तूल होतं एवढ्यावरून नाही. परवाना म्हणजे शस्त्र बाळगायची मुभा. त्याने कोणी पोलीस होत नाही. संकटातल्या माणसाला मदत करण्याची सक्ती काही देशांत आहे, पण ती सगळ्यांवर सारखीच आहे, हात रिकामे असोत वा नसोत. जर्मन दंडसंहितेच्या कलम ३२३सी खाली, शक्य असूनही मदत न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये कलम २२३-६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि ७५,००० युरोपर्यंत दंड आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत अशी सरसकट सक्ती नाही. व्हरमाँट आणि मिनेसोटा हे अपवादांपैकी, आणि व्हरमाँटचा दंड जास्तीत जास्त १०० डॉलर! या सगळ्या कायद्यांत एक अट कायम आहे: मदत करणाऱ्याच्या स्वतःच्या जिवावर बेतता कामा नये. गोळीबारात शिरणं त्या अटीत बसत नाही. पोलिसांना फोन करणं बसतं, आणि तेवढं न करणारा मात्र अडचणीत येऊ शकतो.

भारतात भारतीय न्याय संहितेचं कलम ३५ दुसऱ्याच्या शरीराचा बचाव करायचा हक्क देतं. हक्क बजावला नाही म्हणून शिक्षा होत नाही. खुनासारख्या गुन्ह्याची माहिती तात्काळ पोलिसांना देणं मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार बंधनकारक आहे.

नात्यातून किंवा कामातून आलेली जबाबदारी वेगळी. आईबापांवर मुलांची असते, नेमलेल्या रक्षकावर ज्याच्यासाठी नेमलं त्याची. धोका तुमच्यामुळेच उभा राहिला असेल, किंवा मदत सुरू करून तुम्ही ती अर्ध्यावर अशी सोडलीत की समोरच्याची अवस्था आणखी बिघडली, तरी जबाबदारी अंगावर येते.

प्रश्न: पोलीस वेळेवर पोचत नाहीत. मग ही जबाबदारी आपोआप आपल्यावर येत नाही का?

उत्तर: नाही. अमेरिकेत तर पोलिसांवरही प्रत्येक व्यक्तीला वाचवण्याचं कायदेशीर बंधन नाही, असं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटलं. कोलोरॅडोतल्या कॅसल रॉकच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्याच अंगाने गेला. पगारी माणसावर नसलेलं बंधन वाटसरूवर लादता येत नाही.

प्रश्न: कायदा राहू द्या. एक माणूस दुसऱ्याला मारतोय हे समोर दिसत असताना गप्प बसायचं?

उत्तर: गप्प बसू नका. पण जे दिसतंय ते तसंच आहे, हे आधी ठरवा. खरी गफलत इथेच होते. न्यूयॉर्कमध्ये दोन मध्यमवयीन माणसं एका रडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला ओढत नेताना दिसली आणि एक जण त्याला सोडवायला धावला. ते दोघे साध्या वेशातले पोलीस निघाले. वाचवणाऱ्यालाच शिक्षा झाली आणि १९६२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे तिथला कायदा बदलला. आता बऱ्याच ठिकाणी ‘त्या क्षणी वाजवी वाटेल असा समज’ पुरतो. पण तो वाजवी होता का, हे ठरवायला महिने जातात आणि वकील लागतो.

टूसॉन, ८ जानेवारी २०११. गोळीबाराचा आवाज ऐकून एक परवानाधारक धावत आला. समोर हातात पिस्तूल घेतलेला माणूस. प्रत्यक्षात त्या माणसाने ते हल्लेखोराकडून हिसकावून घेतलं होतं. धावत आलेल्याने स्वतःचं पिस्तूल बाहेर काढलं नाही, म्हणून भलत्याचा जीव वाचला. तुम्ही भांडणाच्या मध्यावर पोचता तेव्हा सुरुवात कोणी केली हे तुम्हाला ठाऊक नसतं. नवराबायकोचं भांडण, चोर पकडणारा दुकानदार, झटापटीतून सुटू पाहणारा पोलीस, हे सगळं लांबून एकसारखंच दिसतं.

म्हणून क्रम असा. आधी भिंत, खांब किंवा गाडीच्या इंजिनाची बाजू गाठा. गाडीच्या दारातून गोळी आरपार जाते. तिथून आपत्कालीन क्रमांकावर फोन: ठिकाण, हल्लेखोर किती, त्यांचे कपडे, कोणतं शस्त्र. तुमच्याजवळही पिस्तूल आहे आणि तुम्ही कोणत्या रंगाचा शर्ट घातलाय, हेही सांगा. मग मोठ्याने ओरडा. पुष्कळ मारहाणी साक्षीदार आहे हे कळल्यावरच थांबतात. पिस्तूल काढायचं ते कोणाचा तरी जीव या क्षणी जाणार असेल, तुम्ही ते स्वतः पाहिलं असेल आणि नेमाच्या मागे माणूस नसेल, तेव्हाच. चुकलेली गोळी कुठेतरी जाऊन लागतेच, आणि लागलेलीही पलीकडे निघू शकते.

साथीदार शोधा. लास व्हेगासमध्ये २०१४ च्या जूनमध्ये एका दुकानात परवानाधारकाने हल्लेखोरावर पिस्तूल रोखलं. मागे उभी असलेली हल्लेखोराची बायको त्याच कटातली होती, हे परवानाधारकाच्या लक्षात आलं नाही. तिने त्याला गोळी घातली.

आणि संकट टळलं की शस्त्र लगेच म्यानात. हात मोकळे आणि दिसतील असे. हल्लेखोराची बंदूक उचलू नका, पायाने ढकललीत तरी पुरे, आणि शक्यतो तेही नको. कोलोरॅडोतल्या अरवाडात २१ जून २०२१ रोजी एका नागरिकाने पोलिसाला मारणाऱ्या हल्लेखोराला टिपलं आणि मग त्याची रायफल हातात घेतली. पोचलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी झाडली. तो गेला.

प्रश्न: पण काहींनी लोकांना वाचवलंही आहे ना?

उत्तर: नक्कीच. इंडियानातल्या ग्रीनवुड मॉलमध्ये १७ जुलै २०२२ रोजी बावीस वर्षांच्या तरुणाने गोळीबार सुरू झाल्यापासून १५ सेकंदांत हल्लेखोराला थांबवलं. दहापैकी आठ गोळ्या लागल्या. तेवढा नेम प्रत्येक परवानाधारकाकडे नसतो. वर्षातून एकदा स्थिर कागदावर पन्नास गोळ्या झाडणाऱ्याने गर्दीत त्याची बरोबरी करायला जाऊ नये. नैतिक कर्तव्य म्हणाल तर ते आधीचं आहे: आपला नेम किती अंतरापर्यंत भरवशाचा आहे हे मोजून ठेवणं, आणि त्यापलीकडे हात म्यानापाशी न नेणं.

प्रश्न: पिस्तुलाबरोबर आणखी काय जवळ ठेवावं?

उत्तर: टूर्निके (हातापायाला बांधून दांडीने पिळत आवळायचा, रक्त थांबवणारा पट्टा) आणि रक्त थांबवणारी औषधी पट्टी. यांची गरज पिस्तुलापेक्षा कितीतरी जास्त वेळा पडते, अपघातातही. हातापायातून रक्ताची धार लागली असेल तर टूर्निके जखमेच्या वर २ ते ३ इंचांवर बांधा, कोपर किंवा गुडघ्यावर नको. दांडी रक्त थांबेपर्यंत पिळा, खाचेत अडकवा, वेळ लिहा. जखमी किंचाळतो, म्हणून लोक अर्धवट पिळून थांबतात. तेव्हा शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते आणि रक्त उलट जास्त जातं. जांघ किंवा काखेत टूर्निके बसत नाही. तिथे पट्टी बोटाने जखमेच्या तळापर्यंत कोंबा आणि दोन्ही हातांनी निदान ३ मिनिटं दाबून धरा, साधी जाळीची पट्टी असेल तर १० मिनिटं. मध्येच उचलून पाहू नका.

प्रश्न: हल्लेखोर पळत सुटला, तर पाठलाग करावा का?

उत्तर: नाही. धोका संपला की बचावाचा हक्कही संपतो. त्यानंतरची गोळी हा तुमचा गुन्हा. तो कोणत्या दिशेला आणि कशावरून गेला तेवढं पोलिसांना सांगा.