गौरीजेवणाच्या नैवेद्याचं पान कसं वाढायचं? डावीकडे काय आणि उजवीकडे काय?

लग्नानंतरच्या पहिल्याच गौरी, सासूबाई परगावी, आणि इंटरनेटवर दहा फोटो बघितले तर दहांत चटणीची जागा वेगळी, असं तुम्ही लिहिलंय. गोंधळ होणारच, कारण पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही: डावं म्हणजे कुणाचं डावं?

जेवणाऱ्याचं. पान वाढणारीच्या नाही, जेवायला बसलेल्याच्या हिशेबाने मांडायचं असतं आणि इथे जेवायला बसल्यात गौरी. त्या तुमच्याकडे तोंड करून उभ्या आहेत, म्हणजे त्यांचं डावं ते तुमचं उजवं. बरेचसे फोटो आपल्या बाजूने काढलेले असतात, काही गौरींच्या मागच्या बाजूने, आणि काहींत पान खरोखरच उलटं ठेवलेलं असतं. म्हणून फोटो सोडा. ओट्यावर पान स्वतःसमोर घ्या, आपणच जेवायला बसणार आहोत अशा बेताने वाढा आणि गौरींपुढे ठेवताना अर्धं फिरवा. बस, एवढंच. काही घरांत न फिरवता आपल्या बाजूनेच ठेवतात. सासरी तसं असेल तर वाद घालू नका.

केळीचं पान वाढून झाल्यावर नुसतं उचलता येत नाही, मधोमध वाकतं आणि सगळं घसरतं. आधीच ते मोठ्या ताटात किंवा सपाट ट्रेमध्ये घ्या. पान शेंड्याकडचं, साधारण दीड-दोन फुटांचं. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. ह्याला शास्त्र काय असेल ते असो, सोय उघड आहे: निमुळत्या बाजूला बोटभर चाखायचे पदार्थ बसतात आणि रुंद बाजूला भाज्या-आमट्या. मधली जाड शीर आडवी राहते आणि बांधासारखी पानाचे दोन भाग करते. वरच्या अर्ध्यात तोंडीलावणी, खालच्या अर्ध्यात भात-पोळी.

पान धुऊन, पुसून, गॅसच्या मंद आचेवरून पालथं-उताणं एकदा फिरवून घ्या. रंग गडद होतो, तकाकी येते आणि पान मऊ पडतं. हे केलं नाही तर कडेला गेलेली छोटीशी चीरसुद्धा आडव्या शिरांच्या रेषेने थेट मधल्या शिरेपर्यंत धावते आणि आमटी खाली उतरते. मधली शीर मागून फुगीर असते, त्यामुळे पान डुगडुगतं. सुरीने तेवढा फुगवटा तासून टाका. पातळ पदार्थ मात्र द्रोणात किंवा छोट्या वाटीतच. केळीचं पान मिळालं नाही तर स्टीलचं ताट चालतं, त्यात कमीपणा काही नाही.

आता मांडणी. वरच्या भागात मधोमध मीठ. (पुष्कळ घरांत देवाच्या पानात सुटं मीठ वाढतच नाहीत. हे आधी विचारून घ्या.) मिठापासून डावीकडे जात लिंबाची फोड, ओल्या खोबऱ्याची चटणी, पंचामृत, कोशिंबीर, लोणचं. पंचामृत म्हणजे अभिषेकाचं दूध-दही-मध नव्हे; मिरच्या, दाण्याचं किंवा तिळाचं कूट, चिंच आणि गूळ घालून केलेलं आंबट-गोड तोंडीलावणं. डाव्या टोकाला खालच्या अंगाला तळण: पापड, कुरडई, भजी किंवा वडा. मिठापासून उजवीकडे सुकी भाजी, मग अळूची पातळ भाजी, उसळ किंवा लाल भोपळा, त्यानंतर द्रोणात कटाची (पुरणाची डाळ शिजवून निथळलेल्या पाण्याची) आमटी आणि शेवटी खीर. खालच्या भागात मध्यावर भाताची मूद, तिच्यावर साधं वरण. डावीकडे पुरणपोळी, चौघडी केलेली. मसालेभात असेल तर मुदीच्या उजवीकडे.

डावी बाजू थोडीथोडी, उजवी बाजू भरपूर. नवीन वाढणारीचा हात नेमका इथे चुकतो. चटणी डावभर आणि भाजी चमचाभर. चटणी सुपारीएवढी, लोणच्याची एक फोड, कोशिंबीर दोन चमचे. भाजी मोठा डाव. आणि कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी घाला. काकडीला मीठ लागलं की दहा मिनिटांत पाणी सुटतं, ते ओघळून चटणीला मिळतं, पापड मऊ पडतो आणि डावी बाजू एक होऊन बसते.

वाढण्याचा क्रमही तोच: मिठापासून डावी बाजू, मग उजवी बाजू, मग भात, वरण, पोळी. तूप सगळ्यांत शेवटी, कढवलेलं, पातळ. पंगतीतसुद्धा तूप वाढलं म्हणजे जेवायला सुरुवात करा असा इशारा असतो. मूद नीट पडावी म्हणून वाटीला आतून तुपाचं बोट फिरवा, गरम भात दाबून भरा आणि लगेच पालथी घाला. गार भाताची मूद सुटत नाही, सुटली तर ढासळते. भात किंचित आसट हवा, मोकळा फडफडीत नको.

स्वयंपाक चाखायचा नाही, मग मीठ कसं जमवायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. अंदाज सोडा, चमचा धरा. लिटरभर आमटीला चहाचे सपाट दीड चमचे मीठ, अर्धा किलो भाजीला एक, पाव किलो कोशिंबिरीला अर्धा. हे थोडं कमीकडे झुकणारं माप आहे आणि ते मुद्दाम. नैवेद्याचा वाटा काढून झाला की उरलेलं चाखून मीठ वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. पालेभाजी शिजून बसते, म्हणून तिला निवडलेल्या ढिगाकडे बघून मीठ घालू नका, आळल्यावर घाला. कांदा-लसूण नाही हे माहीत असेलच. हिंगाच्या डब्यापासून गोडा मसाल्यापर्यंत विकतच्या पुड्यांवर घटक वाचून घ्या, काही मसाल्यांत कांदा-लसूण निघतो.

पुरणावर थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या दिवशी वेळ जातो तो तिथेच. अर्धा किलो हरभऱ्याच्या डाळीला अर्धा किलो गूळ. मध्यम आकाराच्या वीस-बावीस पोळ्या होतात. डाळ तास-दोन तास भिजवा, चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद घालून, कटासाठी पाणी जरा सढळ ठेवून शिजवा. बोटाने दाबल्यावर डाळीचं पीठ झालं पाहिजे, मधे कणी लागता कामा नये. गूळ त्यानंतरच. गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. अर्धवट शिजलेली डाळ तासभर आटवली तरी कणी तशीच राहते आणि तीच लाटताना पोळी फाडते. कट चाळणीतून पूर्ण निथळू द्या. घाईघाईत पाणी राहिलं तर आटवायला दुप्पट वेळ लागतो. गूळ विरघळून मिश्रण पातळ होतं, घाबरू नका, ढवळत राहा; उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं. वेलदोडा, जायफळ घाला आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं की हात भरून येतात.

पुरण सैल राहिलं तर बेसन घालू नका, कच्चट लागतं; जाड बुडाच्या कढईत पुन्हा आटवा. कोरडं झालं तर गरम दुधाचा एखादा चमचा पुरे. पोळी फुटते त्याचं कारण बहुतेक वेळा कणीक घट्ट असणं हेच असतं. कणीक पुरणाइतकी मऊ, किंबहुना थोडी जास्तच सैल हवी, भरपूर तेलाचा हात लावून तास-दोन तास मुरलेली. लाटायला तांदळाची पिठी घ्या. नैवेद्याच्या दोन पोळ्या तळहाताएवढ्या केल्या तरी चालतात. पहिल्या दोन मात्र नैवेद्यासाठी धरू नका, तवा अजून लागलेला नसतो, त्या चिकटतात. तिसरीपासून वेगळ्या काढा.

जे गार चालतं ते आधी करा: पुरण आदल्या रात्री, पंचामृत आणि चटणी सकाळी, मग भाज्या, आमटी, वरण. भात, पोळ्या आणि तळण शेवटच्या पाऊण तासात. बारा-साडेबाराला नैवेद्य दाखवायचा असेल तर अकराला ओट्यावर फक्त हेच तीन उरायला हवेत.

पानं किती? दोन गौरी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, म्हणून दोन. गणपती बसलेला असेल तर त्याचं एक. कुणाकडे गौरींच्या बाळांचं आणि कुलदैवताचं वेगळं असतं. गणपतीच्या पानावर तुळस ठेवत नाहीत, तिथे दूर्वा.

नैवेद्य दाखवताना जमिनीवर किंवा पाटावर पाण्याने चौकोन काढा, त्यावर पान ठेवा. तुळशीच्या पानाने किंवा फुलाने पाणी घेऊन पानाभोवती एकदा उजवीकडून फिरवा. मग उजव्या हाताने घास भरवल्यासारखं सहा वेळा: प्राणाय, अपानाय, व्यानाय, उदानाय, समानाय, ब्रह्मणे, प्रत्येकापुढे स्वाहा. मधे पिण्यासाठी म्हणून ताम्हनात पळीभर पाणी सोडा, पुन्हा तेच सहा घास. शेवटी तीनदा पाणी: उत्तरापोशन (जेवण संपताना घ्यायचा पाण्याचा घोट), हात धुणं, तोंड धुणं. गंध-फूल आणि विडा. विड्याच्या पानांचे देठ देवाकडे. मंत्र येत नसतील तर हात जोडून ‘जेवा’ म्हणा. सहा घासांचा अर्थही तेवढाच आहे.

ह्या पानाचं पुढे काय, हे कुणी सांगत नाही. ते कुणीतरी जेवायचं असतं. बहुतेक ठिकाणी सवाष्णीला देतात किंवा घरातलीच कुणी बसते. म्हणून एका माणसाला संपेल इतकंच वाढा. सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, पाच-सात पोळ्यांचा डोंगर रचून फोटो चांगला येतो आणि अर्धं पान टाकावं लागतं; अन्नाला पूर्णब्रह्म म्हणायचं आणि ते बादलीत लोटायचं, हे मला पटत नाही. सोळा भाज्यांची प्रथा असेल तर सोळा एकत्र करून एकच भाजी करतात, विदर्भ-मराठवाड्यात पुष्कळ घरी तसंच असतं. पान पंधरा-वीस मिनिटांत उचला. भाद्रपदातली दमट हवा, त्यात ओलं खोबरं आणि दही. दोन तास उघडं राहिलं की चटणीला वास यायला लागतो. संध्याकाळपर्यंत पुढे काही ठेवायचंच असेल तर फराळाचे लाडू-करंज्या ठेवा.

प्रदेशाप्रमाणे पान बदलतं हेही लक्षात असू द्या. विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, त्यांना ज्वारीची आंबील आणि पुरणाचे दिवे हवेतच. कोकणात उकडीचे मोदक आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गोव्यात खतखतं, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र भाजी. कोकणातल्या कितीतरी घरांत गौरीला तिखटा नैवेद्य असतो, मटणाचा किंवा माशाचा, आणि तो दाखवताना गणपतीसमोर पडदा धरतात. तुमच्या सासरी तसं असेल तर वर लिहिलेलं निम्मं जेवण बाद. शिवाय हे पान ज्येष्ठा नक्षत्रावरच्या, पूजनाच्या दिवसाचं आहे. आदल्या दिवशी, अनुराधा नक्षत्रावर गौरी आल्या की बहुतेकांकडे साधी भाजी-भाकरी असते, तिथे पुरणाचा घाट घालू नका.

तेव्हा सासूबाईंना आजच फोन करा आणि पाच गोष्टी विचारा: पानं किती, सुटं मीठ वाढतात का, नैवेद्य गोडाचा की तिखटा, पान फिरवून ठेवतात का, आणि वाढलेलं पान कुणाला देतात. बाकीचं वरच्या मापाने होईल. आणि केळीची पानं दोन जास्तच आणा, गॅसवर फिरवताना एखादं फाटतंच.