सिअ‍ॅटलहून स्पार्टन रेस आणि ग्लेशियर नॅशनल पार्क एकाच दौऱ्यात होईल का?

तुमचा प्रश्न असा की सिअ‍ॅटलहून गाडीने जाऊन स्पार्टन रेस, म्हणजे डोंगर-चिखलातली अडथळ्यांची शर्यत, पळायची, त्याच सुट्टीत निसर्गही बघायचा, आणि बरोबरच्या न पळणाऱ्या मंडळींचेही हाल होऊ नयेत, हे जमेल का? जमतं. त्यासाठी मोंटानातलं बिगफोर्क गाठा. फ्लॅटहेड तलावाकाठचं छोटं गाव आहे, तिथली स्पार्टन रेस मे महिन्यात होत आली आहे. यंदाची तारीख मात्र बघून घ्या आणि मगच हॉटेल घ्या, कारण गाव लहान आहे आणि खोल्या भराभर संपतात.

अंतर सुमारे ५०० मैल. गाडी हाणली तर एका दिवसात होतं, पण तसं करू नका. आठ-नऊ तास बसून आखडलेली कंबर घेऊन दुसऱ्या दिवशी डोंगर चढणं म्हणजे शिक्षा. आय-९० हायवे धरा, स्नोक्वाल्मी घाट ओलांडा, व्हँटेजला कोलंबिया नदीवर पाय मोकळे करा आणि स्पोकेन किंवा कोर्डलेनला मुक्काम टाका. दुसऱ्या दिवशी आयडाहोतलं वॉलेस लागेल. चांदीच्या खाणींचं जुनं गाव. आय-९० वरचा शेवटचा सिग्नल १९९१ पर्यंत याच गावात होता. २००४ मध्ये इथल्या लोकांनी गावाला 'विश्वाचा केंद्रबिंदू' जाहीर करून चौकात तसं लिहिलेलं मॅनहोलचं झाकण बसवलं. पुण्याबाहेरही असा अभिमान असतो हे बघून बरं वाटतं.

पुढे लुकआउट पासवर मोंटाना सुरू होतो आणि घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बहुतेक वेळा नाही. सकाळी साडेसातची हीट (एका वेळी सुटणारी तुकडी) म्हणजे तुमच्या शरीराला साडेसहा, हे धरून झोपा.

सेंट रेजिसला हायवे सोडून आतल्या रस्त्याने बायसन रेंजकडे वळा. १९०८ साली स्थापन झालेलं हे गव्यांचं राखीव रान आता सॅलिश आणि कूटेनाय जमातींच्या ताब्यात परत आलं आहे. सगळं गाडीत बसूनच बघायचं असतं, त्यामुळे रेसच्या आदल्या दिवसासाठी एकदम योग्य. जवळच सेंट इग्नेशियसचं १८९१ चं चर्च आहे. आतली ५८ चित्रं तिथल्या आचाऱ्याने, ब्रदर कॅरिन्यानोने, काढली आहेत. मग पोल्सनहून तलावाच्या पूर्वेच्या काठाने ३५ नंबरचा रस्ता घ्या. सगळ्या चेरीच्या बागा. मेमध्ये फुलांवर असतात, फळांसाठी जुलै उजाडावा लागतो.

आता रेस. तिचे तीन प्रकार: स्प्रिंट ५ किमी आणि २० अडथळे, सुपर १० किमी आणि २५, बीस्ट २१ किमी आणि ३०. फिरायलाही जायचं असेल तर स्प्रिंट किंवा फार तर सुपर घ्या. बीस्ट केलीत तर ग्लेशियर तुम्ही गाडीच्या काचेतूनच बघाल. चढ खरोखर उभे आहेत, आणि पायांची वाट चढापेक्षा उतारावर जास्त लागते. मेमधलं पाणी बर्फाचं. चिखलाच्या पाण्यात डोकं बुडवून भिंतीखालून पलीकडे निघालं की बोटं बधिर होतात, आणि मग लोंबकळायचे अडथळे हातातून निसटतात. भाला फेकायला संधी एकच. चुकला की दंड: कुठे बर्पी (जमिनीवर आडवं होऊन उठून उडी मारायचा व्यायाम), कुठे दंडाची फेरी. दोरीवर चढून वरची घंटा वाजवायची असते, तिथे नुसत्या हातांच्या जोरावर आलेले भलेभले अर्ध्यात अडकतात. शाळेत दोरीचा मल्लखांब केलेली माझी बायको पायाच्या पकडीवर सरळ वर गेली, घंटा वाजवली, आणि खाली उतरून मला सल्ले देत उभी राहिली.

न पळणाऱ्यांसाठी फोल्डिंग खुर्ची, जाड जाकीट आणि खायचं सामान घ्या. आम्ही दशम्या, गुळपापडी आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी नेतो. महागड्या एनर्जी जेलपेक्षा पोटाला बरं. गाडीत जुनी चादर आणि कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या हव्यातच. तो चिखल सीटला लागला की निघत नाही, आणि गाडी भाड्याची असेल तर भुर्दंड वेगळा.

दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं असेल, तरी झोपून राहू नका. तासाभरावर ग्लेशियर आहे. 'गोइंग टू द सन' हा ५० मैलांचा प्रसिद्ध रस्ता मेमध्ये पूर्ण उघडलेला नसतो. ६,६४६ फुटांवरच्या लोगन पासवरचा बर्फ काढता काढता जून संपत येतो, कधी जुलैही लागतो. त्यामुळे फोटोत बघितलेले कडे यावेळी मिळणार नाहीत, हे घरच्यांना निघतानाच सांगून ठेवा. पण मॅकडोनल्ड तलाव आणि रस्ता खुला असेल तर अ‍ॅव्हलान्चजवळची देवदारांची सपाट पायवाट, एवढ्यात दिवस मजेत जातो, आणि आंबलेल्या पायांना तेवढंच चालणं मानवतं. बंद गेटच्या पुढे सायकलने किंवा पायी जाऊ देतात, फक्त बर्फ काढण्याचं काम कुठवर आलंय ते आधी विचारा. अस्वलांना पळवायचा तिखट स्प्रे जवळ ठेवा. विमानात तो चालत नाही, गाडीने जाण्याचा हाही एक फायदा.

परतीला स्टिअरिंग न पळालेल्याच्या हाती द्या. पाय सर्वांत जास्त दुखतात ते बहुधा रेसच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमके तुम्ही हायवेवर असताना. दोघंही पळणार असाल तर सोमवारबरोबर मंगळवारचीही रजा टाका आणि वाटेत एक मुक्काम करा.