गोळीऐवजी इंजेक्शन: नॅनोकणांबद्दल दोन प्रश्न

प्रश्न : भावाला एचआयव्हीसाठी सरकारी एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्र) रोजची टीएलडी गोळी (एकाच गोळीत तीन औषधं) मिळते. दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं नॅनोकणांचं इंजेक्शन निघालंय म्हणे. गोळी सोडून ते घ्यावं का? (एक वाचक, भोसरी)

उत्तर : गोळी परस्पर बंद करू नका, हे आधी सांगतो. इंजेक्शनं दोन असतात : कॅबोटेग्राविर ६०० मिलिग्रॅम आणि रिल्पिव्हिरिन ९०० मिलिग्रॅम, प्रत्येकी ३ मिली, दोन कुल्ल्यांत एकेक. पहिल्या दोन वेळा महिन्याच्या अंतराने, मग दर दोन महिन्यांनी. ही औषधं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून त्यांचे स्फटिक दळून अतिसूक्ष्म करतात. कॅबोटेग्राविरचे कण सुमारे २०० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). कण पुन्हा चिकटू नयेत म्हणून एकात पॉलिसॉर्बेट, दुसऱ्यात पोलोक्झॅमर. तरी खाली गाळ बसतोच, म्हणून टोचण्याआधी बाटली जोरात हलवावी लागते. स्नायूत साठा होतो आणि औषध हळूहळू रक्तात उतरतं.

खरी मेख या साठ्यातच आहे. इंजेक्शन थांबवल्यावरही वर्षभर किंवा जास्त काळ औषध अंगात रेंगाळतं, पण विषाणूला दाबायला पुरेल इतकं नाही. अशा अर्धवट मात्रेत विषाणू औषधाला जुमानेनासा होतो. म्हणून ठरल्या तारखेच्या सात दिवस पुढेमागे चालतं; त्याहून लांबणार असेल तर मधल्या काळात गोळ्या. तारखा चुकवणाऱ्याला रोजची गोळीच बरी, असं आमचं मत.

इंजेक्शनं घ्यायची तर व्हायरल लोड (एक मिली रक्तातल्या विषाणूच्या प्रतींची संख्या) ५० च्या खाली स्थिर हवा. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर ही जोडी वर्ज्य. आणि हेपटायटिस बीची तपासणी विसरू नका : टीएलडीतलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन तो आजारही दाबून ठेवतात, ही इंजेक्शनं नाही. गोळी सुटली की कावीळ उफाळू शकते.

प्रश्न : एमआरएनए लशींमध्ये असतात तसे लिपिड (स्निग्ध पदार्थांचे) कण वापरून फुफ्फुसातल्या विषाणूवर औषध का सोडत नाहीत? (विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : शिरेतून दिलेल्या नेहमीच्या लिपिड कणांना रक्तातलं एपोई नावाचं, चरबी वाहून नेणारं प्रथिन चिकटतं आणि यकृत त्यांना ओढून घेतं. यकृतातल्या विषाणूसाठी हे सोयीचं, फुफ्फुसासाठी नाही. नेब्युलायझरने द्यावेत, तर फवारणीच्या धक्क्याने कण फुटतात किंवा एकमेकांना चिकटतात. आणि पेशीत शिरल्यावरही कणांतलं बहुतेक औषध एंडोसोम नावाच्या, पेशीतल्या छोट्या पिशवीतच अडकतं. बाहेर पडतं ते मोजकंच.