आरसीसीच्या, म्हणजे लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या, आधी कोणी काँक्रीटचं राहतं घर बांधलं होतं का? आणि विटा मिळत असताना कशाला?

हो, बांधलं होतं. मी स्वतः प्रीकास्टच्या, म्हणजे साच्यात आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांच्या, कामात आहे त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, आणि माझ्या मते याचं सगळ्यात छान उदाहरण इंग्लंडमधे सॉमरसेटला ब्रिजवॉटर नावाचं गाव आहे तिथलं, क्वीन स्ट्रीटवरचं कॅसल हाऊस. साल १८५१. बाहेरून किल्ल्याच्या थाटाचा बंगला, लांबून बघितलं तर वाटेल पाथरवटांनी दगड घडवून उभा केलाय, पण ते साच्यात ओतून काढलेले काँक्रीटचे तुकडे आहेत. लोखंड घातलेल्या काँक्रीटचं विल्यम विल्किन्सनचं पेटंट आलं १८५४ ला, म्हणजे हे त्याच्याही तीन वर्षं आधीचं!

आता कशाला, तर मालक बघा कोण. जॉन बोर्ड, धंदा विटा, कौलं आणि सिमेंटचा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मधेच घेतलं होतं पण पंचवीसेक वर्षांनीही लोक ते जास्त करून गिलाव्यालाच वापरायचे, त्याचं अख्खं घर होईल हे कोण मानणार. मग स्वतःचाच बंगला बांधून दाखवायचा, येणारा जाणारा बघतो, आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे पक्कं. कारखानदारानेच पुढाकार घ्यायचा ही गोष्ट तेव्हा दुसरीकडेही दिसते, पॅरिसजवळ सँ-दनीला फ्रान्स्वा क्वान्ये याने १८५३ मधे काँक्रीटचं घर बांधलं, तोही कारखानदारच.

पण ब्रिजवॉटरच का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाव पॅरेट नदीच्या काठावर, आजूबाजूला सपाट चिकणमाती, म्हणून विटा-कौलांचे कारखाने, आपल्याकडे कौल म्हटलं की मंगलोर तसं तिकडे ब्रिजवॉटर. नदीच्या गाळापासून बाथ ब्रिक बनवायचे, बांधकामाची वीट नाही हां, चाकू-सुऱ्या घासायची, आणि ती जगभर जायची. जवळच प्युरिटन-डनबॉलकडे ब्लू लायस नावाचा चुनखडीचा दगड, ज्यात चुनखडी आणि माती आळीपाळीने थर लागलेले असतात, तो भाजला की पाण्यातही धरणारा चुना मिळतो. भट्ट्यांना लागणारा कोळसा समोरच्या साउथ वेल्समधून जहाजाने यायचा, आणि १८४१ ला गावात डॉकही झालं होतं.

म्हणजे कच्चा माल, भट्ट्या, बंदर सगळं हाताशी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे साचे करणारे कामगार. लाकडी साच्यात माती दाबून एकसारखा नग काढणं ज्या गावाच्या हातात बसलंय तिथे मातीऐवजी सिमेंटचा माल ओतायला कितीसा वेळ लागणार? हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, पण साच्याचं काम रोज बघतो म्हणून ठामपणे सांगतो की प्रीकास्टमधे सिमेंटइतकीच किंमत साच्याची असते, नक्षीचा दगड दरवेळी नव्याने घडवावा लागतो, साचा एकदा जमला की तोच तुकडा हवा तेवढ्या वेळा.

बंगला नंतर बरीच वर्षं मोडकळीला आला होता, बीबीसीच्या जुन्या इमारती वाचवायच्या कार्यक्रमातही आला होता. ग्रेड टू स्टार हा तिकडच्या जपायच्या ऐतिहासिक इमारतींचा वरचा दर्जा त्याला आहे, तो मिळायलाच हवा होता. तिकडे गेलात तर ईस्ट क्वेवरची विटांची जुनी बाटलीसारखी भट्टीपण बघा, नुसता बंगला बघून अर्धीच गोष्ट कळते.